कौशल्याचा बदलता आधार : पॉली उम्रीगर यांच्या कारकीर्दीच्या निमित्ताने

क्रीडाकौशल्याचा विचार करताना त्याची दोन अंगे प्रथम वेगळी करून पाहावी लागतात. एक अंग शरीराचे : वेग, झेप, दम आणि प्रतिक्रियेची त्वरा. दुसरे अंग अवधानाचे व निर्णयाचे : पुढे काय घडणार हे आधी ओळखणे, आणि उपलब्ध पर्यायांतून योग्य तो निवडणे. पहिले अंग सामान्यतः विशी-पंचविशीच्या आसपास परमावधीस पोहोचून नंतर हळूहळू ओसरू लागते. दुसरे त्यानंतरही वाढत राहू शकते. म्हणून खेळाडूचे कौशल्य कारकीर्दीत नुसते वाढते किंवा घटते, असे म्हणणे अपुरे ठरते. पुष्कळदा कौशल्य कायम राहते. त्याचा आधार मात्र बदललेला असतो.

बास्केटबॉलमध्ये चेंडू पुढे नेऊन डाव रचणाऱ्या खेळाडूच्या, म्हणजे पॉइंट गार्डच्या, बाबतीत हे विशेष स्पष्ट दिसते. फ्रॅन अलार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बास्केटबॉलपटूंना व इतरांना सामन्यातील चित्रे क्षणभर दाखवून खेळाडूंच्या जागा आठवावयास सांगितल्या. रचलेल्या डावाची चित्रे असता खेळाडूंची स्मृती सरस ठरली; विस्कळीत प्रसंगांच्या चित्रांत हे आधिक्य उरले नाही. खेळाडूची नजर सर्वसाधारणपणे तीक्ष्ण असते असे नव्हे. ती डावाचा अर्थ लावण्यास सरावलेली असते, हा याचा इत्यर्थ होय. अमेरिकेतील जेसन किड यांचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. 1994–95 च्या पहिल्या व्यावसायिक हंगामात तीन गुणांच्या रेषेबाहेरून त्यांचे शेकडा सुमारे 27 प्रयत्न सफल झाले होते. 2009–10 मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, हेच प्रमाण शेकडा सुमारे 42 झाले. तारुण्यात वेगाने बचाव भेदून जाणाऱ्या या खेळाडूने पुढे दूरचा नेम व अचूक पास यांवर आपला खेळ उभा केला, आणि 2011 मध्ये, अडतीस वर्षांचे असता, डॅलस संघाच्या अजिंक्यपदात वाटा उचलला.

हाच प्रश्न क्रिकेटच्या फलंदाजीतही उद्भवतो. वेगवान गोलंदाजाचा चेंडू फलंदाजापर्यंत येण्यास सुमारे अर्धा सेकंद लागतो. एवढ्या अवधीत चेंडूचा संपूर्ण मार्ग पाहून मग फटका ठरविणे शक्य नसते. मायकेल लँड व पीटर मॅक्लाउड यांनी 2000 मध्ये दाखवून दिले, की फलंदाजाची दृष्टी चेंडूच्या आधीच त्याच्या टप्प्याच्या अपेक्षित जागी जाऊन थांबते, आणि सरस फलंदाजाची दृष्टी तेथे अधिक लवकर पोहोचते. अर्थात ज्याला आपण त्वरा म्हणतो, तिचा मोठा भाग पूर्वानुमानाचा असतो. आणि पूर्वानुमान हे अनुभवाने संपादन करावे लागते.

पहलन रतनजी ऊर्फ पॉली उम्रीगर यांचा जन्म 28 मार्च 1926 रोजी सोलापुरात झाला. पुढे ते मुंबईकडून खेळले व डिसेंबर 1948 मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांनी कसोटीत पदार्पण केले. भारताने फेब्रुवारी 1952 मध्ये मद्रास येथे पहिला कसोटी विजय मिळविला, त्यात त्यांच्या नाबाद 130 धावा होत्या. त्याच वर्षीच्या इंग्लंड दौऱ्यात मात्र एक विलक्षण विसंगती दिसून आली. दौऱ्यातील इतर सामन्यांत तीन द्विशतके काढणाऱ्या या फलंदाजास चार कसोटींतील सात डावांत अवघ्या 43 धावा करता आल्या, सरासरी 6.14. फ्रेड ट्रूमन यांच्या वेगापुढे त्यांचा खेळ कोलमडला. यानंतर काही महिन्यांतच, 1953 च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात, त्यांनी पाच कसोटींत 62.22 च्या सरासरीने 560 धावा केल्या.

एका वर्षात कोणाचे शरीर इतके बदलत नाही. वेस्ट इंडीजचे तेव्हाचे प्रमुख अस्त्र रामाधीन व व्हॅलेंटाइन यांची फिरकी हे होते, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. उम्रीगर यांच्यापाशी कौशल्य नव्हते असे नव्हे. ते एका विशिष्ट मागणीपुरते अपूर्ण होते. ही अपूर्णता पुढे भरून निघाली. 1959 मध्ये मँचेस्टर येथे, ट्रूमन ज्या संघात होते त्याच संघाविरुद्ध, त्यांनी 118 धावा काढल्या. 1962 मध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथे वेस्ली हॉल यांच्यासारखा वेगवान गोलंदाज समोर असता, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांनी 56 व नाबाद 172 धावा केल्या. त्याच सामन्यात 56 षटके टाकून 107 धावांत 5 बळी घेतले. भारत तो सामना हरला. त्या मालिकेनंतर पाठीच्या दुखण्यामुळे त्यांची कसोटी कारकीर्द संपुष्टात आली. निर्णयशक्ती परिपक्व झाली असताना शरीराने साथ सोडली, हा कारकीर्दीतील अटळ विरोध येथे स्पष्ट दिसतो.

59 कसोटी, 3631 धावा, 12 शतके, सरासरी 42.22 : निवृत्तीसमयी हे सामने, धावा व शतके यांचे आकडे भारतीय विक्रम होते. परंतु 42.22 ही सरासरी म्हणजे एका स्थिर गुणाचे मोजमाप नव्हे. सव्विसाव्या वर्षीचा आणि छत्तिसाव्या वर्षीचा असे दोन भिन्न फलंदाज तीत एकत्र मिसळले आहेत.

या विवेचनाचा व्यावहारिक निष्कर्ष निवडीच्या पद्धतीशी निगडित आहे. सोलापूरच्या मैदानांवर असो वा अन्यत्र, खेळाडूची पारख धाव, उडी व फेक यांच्या मापांनी करण्याचा प्रघात आहे. कारण ती मापे सोपी असतात. पण ती कौशल्याच्या त्याच अंगाची मापे आहेत, जे आधी ओसरते. 1952 चे आकडे अखेरचा निर्णय मानले गेले असते, तर 1962 चा डाव खेळलाच गेला नसता. एका अपयशी हंगामात काय उणे पडले आणि ते शिकता येण्याजोगे आहे काय, हा प्रश्न अभ्यासकाने व निवड करणाऱ्याने खेळाडूस वगळण्यापूर्वी विचारावयास हवा.