म्हाताऱ्या मांजराची साखर आणि थकलेली मूत्रपिंडं

"मांजरालासुद्धा डायबेटिस होतो?" असं विचारणाऱ्या मैत्रिणी मला अजून भेटतात. होतो, बायांनो, चांगला होतो. पूर्वी मांजर घरात यायचं, उंदीर धरायचं, आठ-दहा वर्षांत कुठंतरी निघून जायचं आणि "गेलं बिचारं" म्हणून आपण विषय मिटवायचो. आता तेच मांजर फ्लॅटमध्ये राहतं, दोन वेळा आयतं जेवतं, दिवसभर लोळतं आणि पंधरा-सोळा वर्षं जगतं. आयुष्य वाढलं, तशी म्हातारपणची दुखणीही आली.

आमच्या मनीला चौदावं लागलं तेव्हा साखर निघाली आणि वर्षभरानं मूत्रपिंडं थकल्याचं कळलं. डॉक्टरांना विचारून आणि रोज करून जे हाताखालून गेलं, ते तुमच्यापुढं ठेवते.

तहान कशाची?

मांजर मुळात पाणी कमी पिणारं जनावर. ते वाटी रिकामी करू लागलं, बाथरूममध्ये बादलीपाशी जाऊन बसू लागलं, ट्रेमधली वाळू रोज जास्त भिजू लागली, की काहीतरी बिघडलंय असं समजावं. भूक चांगली आणि तरी अंग उतरतं, ही बहुधा साखरेची खूण. भूक मंदावते, उलट्या होतात, तोंडाला घाण वास येतो, ही मूत्रपिंडांची. तहान मात्र दोन्हींत असते. म्हणून घरी बसून निदान करू नका, रक्त आणि लघवी दोन्ही तपासून घ्या.

मूत्रपिंडांचं सुमारे दोन-तृतीयांश काम बंद पडेपर्यंत वरून काही दिसत नाही. त्यातून क्रिएटिनिनचा आकडा स्नायूंवर अवलंबून असतो, मांजर वाळलेलं असेल तर तो उगीचच बरा दिसतो. म्हणून एसडीएमए नावाची तपासणी आणि रक्तदाब यांबद्दलही डॉक्टरांना विचारा. रक्तदाब फार वाढला तर मांजराची दृष्टी एकाएकी जाऊ शकते.

आणि एक गोष्ट कधीही करू नका. सारखं ओलं करतं म्हणून पाण्याची वाटी उचलून ठेवू नका! ते पाणीच त्याला जगवत असतं. उलट घरात तीन-चार ठिकाणी रुंद तोंडाच्या वाट्या ठेवा, जेवणापासून जरा दूर.

दोन आजार, दोन पथ्यं

खरी पंचाईत स्वयंपाकघरात होते. साखरेला पिष्ट पदार्थ नकोत, मांसान्न हवं. मूत्रपिंडांना फॉस्फरस नको, आणि तो मांसात, हाडांत भरपूर. मग घालायचं काय?

आपल्याकडचा दूधभात आणि दूधपोळी आधी बंद. भात-पोळीनं साखर चढते आणि दुधात साखर व फॉस्फरस दोन्ही. सुके बोंबील, खारा बांगडा, हाडांचं पाणी हेही नको. कांदा-लसूण तर मांजराला विषच. मनीला डब्यातलं ओलं अन्न चालतं, त्यातून पाणीही पोटात जातं. कधी उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग देते, त्यात प्रथिनं चांगली आणि फॉस्फरस कमी. कोणता डबा घ्यायचा, फॉस्फरस बांधून ठेवणारी पूड अन्नात घालायची का, हे रिपोर्ट बघून डॉक्टरच सांगतात, आणि दर काही महिन्यांनी बदलतातही.

शाकाहारी घरातल्या मैत्रिणींना हे जड जाईल, ठाऊक आहे. आमच्या सासूबाई अंड्याचं नाव काढू देत नसत. पण मांजराला जे टॉरिन लागतं ते मांसातूनच मिळतं, त्याला वरणभातावर ठेवता येत नाही. शेवटी गॅलरीत छोटी शेगडी आणि वेगळं पातेलं असा तोडगा निघाला.

एवढं मात्र लक्षात ठेवा, पथ्याच्या अन्नाला तोंड लावत नसेल, तर पथ्यापेक्षा जेवण मोठं. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याचं यकृत बिघडतं. "भूक लागली की खाईल" हा मुलांना लावायचा नियम इथं लावू नका.

आधी जेवण, मग सुई

इन्सुलिन बहुधा दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतरानं द्यावं लागतं. माझी शाळा सकाळची, म्हणून आमची वेळ सहा आणि सहा. मनी ताटलीत तोंड घालते, मी पाठीवरची सैल कातडी चिमटीत धरते. सुई इतकी बारीक असते की तिला पत्ताही लागत नाही. पण ती जेवली नाही, तर सुई तशीच ठेवून आधी डॉक्टरांना फोन.

सुई घेताना डोळे उघडे ठेवा. आपल्या बाजारात एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटचं इन्सुलिन मिळतं आणि १०० युनिटचंही, आणि दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. १०० चं औषध ४० च्या सिरिंजमध्ये त्याच खुणेपर्यंत भरलं, तर अडीचपट डोस जातो! बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा दुकानातच जुळवून बघा. बाटली फ्रिजच्या दारात ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही.

मूत्रपिंडं मंदावली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं, त्यामुळे कालचा डोस आज जास्त होऊ शकतो. मांजर झोकांड्या खाऊ लागलं, मलूल होऊन पडलं, झटके आले, तर मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी बोटानं हिरड्यांना चोळा, शुद्धीवर असेल तर खायला घाला आणि तडक डॉक्टर गाठा. आमच्या फ्रिजवर मधाची छोटी बाटली कायम असते, तिला कुणी हात लावायचा नाही.

आणि घरातलं दुखण्याचं औषध, पॅरासिटामॉलसुद्धा, मांजराला देऊ नका. एका गोळीनं जीव जाऊ शकतो. लिलीची फुलंही घरात नकोत, निरोगी मांजराचीही मूत्रपिंडं ती निकामी करतात.

"मांजरासाठी एवढं?"

हे तुम्हाला ऐकावं लागेल. शेजारणी म्हणतील, नणंदा म्हणतील. आमच्याकडे सासूबाईच म्हणाल्या, "माणसांना औषध मिळत नाही आणि मांजराला सुया!" त्यांना स्वतःला पंचवीस वर्षं साखर आहे. मी एवढंच सांगितलं, की १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधलं ते कुत्र्यांवर प्रयोग करून. आपण आज इन्सुलिनवर जगतो त्याच्या मागं मुक्या जनावरांचे जीव आहेत. त्या काही बोलल्या नाहीत. पण हल्ली मी शाळेतून आले की दारातच सांगतात, "दुपारी नुसतं हुंगून परत फिरली गं." घरात असं बघणारं एक माणूस हवंच. लग्नाकार्याला जायचं झालं तर सुई देणारं दुसरंही तयार करून ठेवा.

खर्चाचं सोंग आणता येत नाही, हेही खरं. महिन्याचा हिशेब डॉक्टरांपुढं मोकळेपणानं मांडा. कोणती तपासणी आत्ताच हवी आणि कोणती थांबू शकते, हे विचारण्यात लाज कसली?

वहीतलं पान

दुधाच्या हिशेबासारखी एक वही घाला. रोज चार गोष्टी लिहा: किती जेवली, पाणी किती, डोस किती, ट्रे किती ओला. आठवड्यातून एकदा वजन. तुम्ही मांजर कडेवर घेऊन काट्यावर उभ्या राहा आणि मग तुमचं वजन वजा करा. डॉक्टर मांजराला दहा मिनिटं बघतात, तेही घाबरलेलं असताना, आणि भीतीनं मांजराची साखर वर जाते. म्हणून घरची वही त्यांना मोलाची वाटते.

हीच वही आणखी एका अवघड दिवशी कामी येते. थकलेली मूत्रपिंडं पुन्हा तरुण होत नाहीत. आपण वेळ वाढवतो, तो किती हे आपल्या हातात नसतं. ती आवडीचं खाते का, अंग चाटते का, आपल्या जवळ येऊन बसते का, ट्रेपर्यंत चालत जाते का? चांगल्या दिवसापुढं बरोबरची आणि वाईट दिवसापुढं फुलीची खूण करा. फुल्या जास्त दिसू लागल्या, की डॉक्टरांशी शेवटाबद्दल बोलायची वेळ आली. त्रास न होता शांतपणे निरोप देता येतो. आपल्याला सोडवत नाही म्हणून तिला ओढत ठेवणं ही माया नव्हे.

तोवर मात्र घड्याळ चुकवू नका. वाट्या भरलेल्या ठेवा, आणि सुई देऊन झाली की दोन मिनिटं तिच्या मानेखाली खाजवा. औषध म्हणून नव्हे, तिला आवडतं म्हणून.