गाडी तापते आणि ॲव्हरेजही पडतं: कारण एक की दोन?

संशोधनाच्या तयारीत असलेल्या मित्रमैत्रिणींनो, "रिसर्च मेथड" म्हटलं की आपल्याला जाडजूड पुस्तकं आठवतात. पण एखाद्या प्रश्नाचं कारण शिस्तीत कसं शोधायचं, हे शिकायला जुनी डिझेल गाडी फार चांगली आहे. आज एक नेहमीची तक्रार घेऊ: गाडी तापते आणि ॲव्हरेजही पडलंय. कारण चुकीचं धरलं तर नुसते पैसे जात नाहीत. तापलेलं इंजिन तसंच रेटलं की ॲल्युमिनियमचं हेड बेंड होतं, हेड गॅस्केट जातं, आणि छोटं काम थेट इंजिन खोलण्यावर येतं.

गॅरेजमध्ये अनेकदा होतं काय, की थर्मोस्टॅट, वॉटर पंप आणि रेडिएटर असं सगळं एकदम बदललं जातं. गाडी कधी बरी होते, कधी होत नाही. बरी झाली तरी नेमकं काय बिघडलं होतं, ते कळतच नाही. संशोधनात याला उत्तर म्हणत नाहीत.

आधी ऊर्जेचा जमाखर्च मांडू

एक काल्पनिक पण वास्तवाला धरून असलेली गाडी घेऊ. 1.3 लिटरचं कॉमन रेल डिझेल इंजिन, सपाट रस्ता, वेग ताशी 80 किमी. पूर्वी ॲव्हरेज 20 होतं, आता 15 मिळतंय.

एक लिटर डिझेलमध्ये साधारण 36 मेगाज्यूल ऊर्जा असते. 20 च्या ॲव्हरेजने तासाला 4 लिटर जळतं, म्हणजे 144 मेगाज्यूल, म्हणजेच 40 किलोवॅट. 15 च्या ॲव्हरेजने तासाला 5.33 लिटर, म्हणजे जवळपास 53 किलोवॅट. फरक 13 किलोवॅटचा. घरातला गीझर साधारण 2 किलोवॅटचा असतो. म्हणजे बॉनेटखाली सहा गीझर जास्तीचे चालू आहेत असं समजा.

ही ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. ढोबळमानाने इंधनाच्या ऊर्जेचा एक तृतीयांश भाग चाकांकडे, एक तृतीयांश कूलंटमध्ये आणि एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर जातो. त्यामुळे "जास्त डिझेल जळतंय म्हणून गाडी तापतेय" हा तर्क पटकन पटतो. दोन्ही लक्षणांना एकच कारण मिळालं, मस्त!

पण इथे थांबायचं. रेडिएटर सपाट रस्त्यासाठी बनवलेला नसतो. भर उन्हात, भरलेल्या गाडीने खंबाटकी किंवा कसारा घाट चढताना निघणारी उष्णता त्याने बाहेर टाकायची असते, आणि ती 80 च्या सपाट प्रवासापेक्षा कितीतरी जास्त असते. म्हणजे कूलिंग ठणठणीत असेल तर वरचे 13 किलोवॅट ते सहज पचवेल. यावरून पहिला निष्कर्ष निघतो: गाडी सपाट रस्त्यावरही तापत असेल, तर फक्त जास्त डिझेल जळणं हे कारण पुरत नाही. कूलिंगमध्येही काहीतरी बिघडलेलं असणार. फक्त घाटातच तापत असेल, तर मात्र एका कारणाची शक्यता उरते. एकही नट न सैल करता, नुसत्या आकडेमोडीने आपण इथपर्यंत आलो.

लक्षण खरं आहे का?

ॲव्हरेज खरंच पडलंय का? टाकी फुल करून मोजायची पद्धत बरी, पण पंपाचं नोझल दरवेळी एकाच पातळीला कट होत नाही. एक लिटरची चूक धरली, तर 200 किमीला 10 लिटर हे ॲव्हरेज 18.2 ते 22.2 मध्ये कुठेही असू शकतं. तेच 800 किमीला 40 लिटर असेल, तर 19.5 ते 20.5. गाडी तीच, चूकही तीच, पण मोजायचा पल्ला लांबवल्यावर उत्तरावर विश्वास ठेवता येतो. शिवाय 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत बहुधा डीपीएफ असतो. त्यातली काजळी जाळण्यासाठी अधूनमधून जास्तीचं डिझेल खर्च होतं. गाडी फक्त शहरात छोट्या छोट्या फेऱ्या मारत असेल, तर ॲव्हरेज पडायला तेवढंही पुरतं.

आणि तापमान? डॅशबोर्डवरच्या काट्यावर फार भरवसा ठेवू नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम असा बसवलेला असतो की तापमान बरंच खालीवर झालं तरी मध्येच राहतो. ओबीडी पोर्टला स्वस्तातला ॲडॉप्टर लावून मोबाईलवर थेट अंश सेल्सिअसमध्ये आकडा बघा. इन्फ्रारेड थर्मामीटर वापरणार असाल, तर चकचकीत ॲल्युमिनियमवर थेट नेम धरू नका. चकचकीत धातू स्वतः कमी उत्सर्जन करतो, त्यामुळे वाचन बरंच कमी येतं. तिथे काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर मोजा.

संशयित आणि त्यांची भाकितं

आता कारणांची यादी करायची, पण प्रत्येक कारणापुढे "हे खरं असेल तर काय दिसेल?" हेही लिहायचं.

*थर्मोस्टॅट.* बंद अवस्थेत अडकला तर गाडी तापते. उघडा अडकला तर इंजिन पुरेसं गरमच होत नाही आणि ॲव्हरेज पडतं. एकाच वेळी दोन्ही होत असेल, तर एकटा थर्मोस्टॅट दोषी ठरवणं कठीण आहे. तरी सगळ्यात आधी बदलला जातो तोच!

*फॅन.* ट्रॅफिकमध्ये तापेल, हायवेला समोरच्या वाऱ्याने थंड होईल.

*रेडिएटर चोंदलेला किंवा वॉटर पंप कमजोर.* वेग आणि भार वाढला की तापमान वाढत जाईल. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली धूळ, पालापाचोळाही बघा. ती फट सहसा कुणी साफ करत नाही.

*रेडिएटर कॅप.* हिचं काम कुकरच्या शिट्टीसारखं. साधारण 1 बार जास्तीचा दाब टिकला तर साधं पाणीसुद्धा 120 अंशांपर्यंत उकळत नाही. कॅप ढिली असेल तर कूलंट लवकर उकळून बाहेर येईल, ॲव्हरेज मात्र तसंच राहील. इंजिन गरम असताना कॅप कधीही उघडू नका. दाब एकदम सुटतो, कूलंट उसळून बाहेर येतं आणि चेहरा, हात भाजतात.

*ब्रेक चिकटणं.* ॲव्हरेज पडेल, पण वाया जाणारी ऊर्जा बरीचशी चाकाशी दिसेल. थोडं चालवून चारही चाकांच्या रिमचं तापमान मोजा. एकच चाक वेगळं निघालं तर तुमचा संशयित सापडला.

*क्लच स्लिप.* घाटात आरपीएम वाढेल, वेग वाढणार नाही.

*टर्बोचा पाईप सैल.* ओढ कमी, बहुधा काळा धूर, ॲव्हरेज खाली.

*हेड गॅस्केट.* कूलंट आपोआप कमी होईल, एक्स्पान्शन टँकमध्ये बुडबुडे येतील.

*कूलंट टेम्परेचर सेन्सर.* हा सगळ्यात मजेशीर. तो खऱ्यापेक्षा कमी तापमान सांगत असेल तर ईसीयूला वाटतं इंजिन अजून थंडच आहे. मग डिझेल थंड इंजिनाच्या हिशेबाने जातं आणि फॅन उशिरा लागतो किंवा लागतच नाही. म्हणजे एका छोट्या सेन्सरमुळे दोन्ही लक्षणं! वर बऱ्याच गाड्यांत काटाही याच सेन्सरवर चालतो. त्यामुळे काटा निवांत मध्ये आणि कूलंट उतू जातंय, असं विचित्र दृश्य दिसतं.

कोणती चाचणी आधी?

जी स्वस्त आहे आणि यादीचे दोन तुकडे करते, ती. पहिला प्रश्न फुकटचा: गाडी नेमकी कधी तापते? ट्रॅफिकमध्ये, हायवेला, की फक्त घाटात? एवढ्यानेच यादी निम्मी होते.

समजा उत्तर "ट्रॅफिकमध्ये" आलं. आता एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर फॅन फिरायला लागतो. फिरला, तर मोटर ठीक आहे आणि संशय सेन्सर किंवा रिलेकडे सरकतो. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी सेन्सरचा आकडा बाहेरच्या हवेशी जुळतो का बघा. तेवढ्यावर मात्र सेन्सरला निर्दोष सोडू नका, कारण थंडीत बरोबर वाचणारा सेन्सर गरम झाल्यावर चुकू शकतो. म्हणून थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर चिकटपट्टी लावून गरम इंजिनावरही तुलना करा. दोन-चार अंशांचा फरक चालेल, वीस अंशांचा नाही.

मग एकच भाग बदला. त्याच रस्त्यावर, तेवढ्याच भाराने, शक्यतो तशाच हवामानात पुन्हा मोजा. तापमान उतरलं पण ॲव्हरेज 15 वरच राहिलं, तर कारणं दोन होती आणि अर्धं काम बाकी आहे. शक्य असेल तेव्हा जुना भाग परत लावून लक्षण परत येतं का तेही बघा. सेन्सरच्या बाबतीत हे दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, फक्त इंजिन पूर्ण थंड झाल्यावर करा. लक्षण परत आलं, तर "बहुतेक हेच असावं" याच्या जागी "हेच होतं" असं म्हणता येतं.

तुमच्या प्रयोगातही दोन गोष्टी एकदम बिघडलेल्या दिसतील आणि दोन्हींना एकच कारण लावायचा मोह होईल. तेव्हा आधी आकडे टाकून बघा, ते एक कारण पुरतं का. नाही पुरलं तर वहीत दुसरी ओळ लिहा आणि तिच्यापुढे, ते कारण खोटं कशाने ठरेल, तेही लिहून ठेवा.