अंगठा आणि मनगट

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 साली 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' आणला. असुरांनी पळवलेल्या गोलूला, आपल्या धाकट्या भावाला, शोधायला निघालेली राजी भिंतींवरून धावते, खांबांभोवती गिरक्या घेते, त्रिशूळ चालवते. वर्तकनगरच्या आमच्या म्हाडाच्या घरात तो मी आधी कीबोर्डवर आणि नंतर गेमपॅडवर खेळलो. गेमपॅडवर राजीची चाल खरोखरच खुलली.

त्याचं कारण गेमपॅडच्या आत आहे. अंगठ्याखाली जी काडी असते, तिच्या बुडाशी एकमेकांशी काटकोनात दोन पोटेन्शिओमीटर बसवलेले असतात. एक आडवी हालचाल टिपतो, दुसरा उभी. काडी जितकी कलते तितका व्होल्टेज बदलतो, सोडली की स्प्रिंग तिला मध्यावर आणते. त्यामुळे कुठल्याही कोनात वळता येतं आणि गेममध्ये सोय असेल तर किंचित कलवून सावकाश चालताही येतं. कीबोर्डचं बटण एक तर दाबलेलं असतं, नाही तर सुटलेलं. चार बटणांतून दिशा निघतात आठच. राजीत कॅमेरा बहुतेक वेळ गेमच सांभाळतो, त्यामुळे माऊसने वळण सावरण्याची सोयही नाही.

पण साहसी खेळ म्हणजे नुसती धावपळ नव्हे. 1990 च्या 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड'मध्ये वस्तू हेरायची, उचलायची आणि भलत्याच ठिकाणी वापरून बघायची असते. तिथे माऊसला तोड नाही. हात थांबला की बाण थांबतो. काडी मात्र जागा सांगत नाही, वेग सांगते. बाण नेमका किल्लीवर आणायचा तर अंगठा वेळेवर मध्यावर यावा लागतो, आणि तेवढ्यात बाण पुढे गेलेला असतो.

लुकासआर्ट्सने 1998 मध्ये 'ग्रिम फँडँगो'त बाणच काढून टाकला. नायक मॅनी कीबोर्डने किंवा जॉयस्टिकने चालायचा आणि जवळ काही कामाचं असलं की तिकडे मान वळवायचा. खेळणाऱ्याने पडदा धुंडाळायचा नाही, मॅनीची नजर वाचायची! मला ही युक्ती फार सुंदर वाटते. तरी 2015 च्या नव्या आवृत्तीत माऊसची सोय द्यावी लागली, कारण कीबोर्डवर मॅनीला वळवणं अनेकांना जड जात होतं.

आमच्याकडे निवाडा पुष्कळदा जागाच करते. माऊसला टेबल लागतं, आणि घरातल्या एकुलत्या टेबलावर संध्याकाळी मुलांच्या वह्या असतात, रात्री ताटं. गेमपॅड दिवाणावर बसूनही चालतो. म्हणून कोडी सोडवायचे खेळ मी टेबल रिकामं होईपर्यंत राखून ठेवतो.

गेमपॅडचं दुखणं एकच, पण पक्कं. पोटेन्शिओमीटरचा कार्बनचा पट्टा घासून घासून झिजतो आणि अंगठा न लावताही पात्र सरकू लागतं. सेटिंगमध्ये 'डेड झोन', म्हणजे मध्याजवळची जी हालचाल गेम मोजतच नाही तो भाग, वाढवला की काही दिवस निभतं, मात्र हलकी चाल हातची जाते. हॉल सेन्सरच्या काडीत चुंबकावरून कोन मोजला जातो, त्यामुळे घासायला पट्टाच नसतो. नवा गेमपॅड घेणार असाल, तर खोक्यावर आधी तेवढं वाचा.