रुचिसंवेदनेच्या जीनांचा क्रमविकास

जिभेवरील रुचिकलिकांतील कोशिका अन्नातील रासायनिक द्रव्ये ग्राही प्रथिनांच्या साहाय्याने ओळखतात. ही प्रथिने घडविणारे जीन प्राण्यांच्या आहारानुसार क्रमविकासात बदलत आले आहेत. गोड आणि उमामी म्हणजे मांसरसासारखी रुची यांकरिता मानवात मिळून तीनच जीन आहेत; कडू रुचीकरिता मात्र सु. २५ कार्यक्षम जीन असून आणखी ११ निष्क्रिय अवशेषरूपाने उरले आहेत. वनस्पतींतील अनेक विषे कडू असल्याने ही विविधता संरक्षक ठरते. कोकणात तवसे किंवा दुध्या चिरताना तुकडा चाखून पाहतात व कडू लागल्यास फळ टाकून देतात. हा कडूपणा ककुर्बिटॅसिने या विषारी द्रव्यांचा असतो. कडू दुध्याच्या रसाने भारतात मृत्यूही ओढवले आहेत.

उपयोग संपला की जीन निकामी होऊ शकतो. मांसाहारी मांजराचा गोड रुचीचा एक जीन असाच निकामी झाल्याचे २००५ मध्ये आढळले.

माणसामाणसांतही भेद आहेत. फिनिलथायोकार्बामाइड काहींना अतिशय कडू, तर काहींना बेचव लागते, हे आर्थर फॉक्स यांना १९३१ मध्ये दिसून आले. त्यास कारणीभूत असलेला सातव्या गुणसूत्रावरील टीएएस२आर३८ हा जीन २००३ मध्ये निश्चित झाला. चिंपँझींतही असाच भेद आढळतो; परंतु तो स्वतंत्र उत्परिवर्तनातून उद्भवल्याचे २००६ मध्ये स्पष्ट झाले. ज्यांना हे द्रव्य बेचव लागते त्यांनाही इतर कडू पदार्थ कळतात, कारण त्यांचे अन्य ग्राही शाबूत असतात.