गोठत्या पहाटेचा पहिला घोट

सिएटलमध्ये पारा शून्याखाली उतरला की उजाडायच्या आधी माझं एक काम ठरलेलं असतं. रात्री घरात आणून ठेवलेली साखरपाण्याची बाटली गॅलरीत टांगायची. बोटं बधिर होतात, पण उशीर चालत नाही. समोरच्या फांदीवर पिसं फुलवून, लिंबाएवढा गोल होऊन कुणीतरी बसलेला असतो.

हा ॲनाचा हमिंगबर्ड, वजन जेमतेम 4 ग्रॅम. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत सापडतात. आपल्याकडे जास्वंदीवर येतो तो शिंजीर, अगदी वेगळ्या कुळातला. इथला तांबूस हमिंगबर्ड हिवाळ्यात मेक्सिकोकडे जातो, म्हणून जानेवारीत दिसणारा बहुतेक ॲनाच. पाठ हिरवी, पोट करडं. नराचा गळा आधी काळाच वाटतो. मान वळली की तिथे गुलाबी-लाल निखारा पेटतो. मादीच्या गळ्यावर लहानसा लाल ठिपका असतो.

शंभर वर्षांपूर्वी हा मुख्यतः कॅलिफोर्नियाच्या बाजूचा पक्षी होता. बागांमधली परदेशी फुलझाडं आणि टांगलेलं साखरपाणी यांच्या आधाराने तो उत्तरेकडे सरकला. 2017 मध्ये व्हँकूव्हरने त्याला आपला नगरपक्षी केलं.

एवढासा जीव थंडीची रात्र काढतो कशी? उडताना त्याचं हृदय मिनिटाला हजाराच्या घरात धडधडतं. कडाक्याच्या रात्री तो शरीराचं तापमान खूप खाली जाऊ देतो आणि ठोके पन्नासाच्या आसपास येतात. एका रात्रीपुरती शीतनिद्राच ती. अशा वेळी तो मेल्यासारखा दिसतो; त्याला हात लावू नये. पहाटे स्नायू थरथरवून तो पुन्हा ऊब आणतो, आणि त्यातच उरलीसुरली शिदोरी संपत येते. नेमक्या त्याच वेळी बाटलीत बर्फ असेल तर?

एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी, बस्स. मध, गूळ आणि रंग घालू नयेत. मधाच्या पाण्यात बुरशी लवकर धरते. हे पाणी शून्याच्या थोडं खालीच गोठू लागतं, म्हणून मी दोन बाटल्या आलटून पालटून लावते. बाटली थंडीतही नियमित धुवावी लागते. साखर हे नुसतं इंधन. प्रथिनांसाठी तो चिलटं आणि कोळी टिपतो.

गेल्या फेब्रुवारीत एक मादी माझ्या खिडकीच्या कोपऱ्यातलं कोळ्याचं जाळं चोचीने ओढून नेत होती, घरटं बांधायला. त्या कोपऱ्यावर मी अजून झाडू फिरवलेला नाही.