सरखेल गेले, आता सरखेल कोण?

पनवेलजवळच्या खांदा कॉलनीतल्या कोणालाही जिल्हा विचारा, उत्तर येईल रायगड. 1981 पर्यंत या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. अलिबागसमोरच्या समुद्रात उभा असलेला कुलाबा किल्ला ही मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, असलेल्या आंग्र्यांची राजधानी. तिथे शंभर वर्षं एकच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला: सरखेल गेले, आता सरखेल कोण?

थक्क व्हायला होतं ते पुढे. हाच प्रश्न आयर्लंडच्या उत्तरेकडच्या सरदारघराण्यांनाही छळत होता, आणि दोन्हीकडे त्याचा शेवट एकाच सत्तेच्या हातून झाला.

मध्ययुगीन आयर्लंडमध्ये सरदाराचा थोरला मुलगा आपोआप सरदार होत नसे. एका पणजोबाचे सगळे पुरुष वंशज गादीचे दावेदार असत. भाऊ, पुतण्या, चुलतभाऊ, कोणीही. औरस-अनौरस हा भेदही तिथल्या जुन्या कायद्यात फारसा आड येत नसे. बापानं मुलगा म्हटलं की तो मुलगा. या सगळ्यांतून कर्तबगार माणूस निवडायचा, तोही बहुधा सरदार हयात असतानाच. त्या निवडलेल्या वारसाला ‘तानिश्ता’ म्हणत. आयर्लंडच्या उपपंतप्रधानांचं पदनाम आजही तेच आहे.

अल्स्टरमधल्या ओ’नील घराण्याचा अभिषेक तुलाहोग नावाच्या टेकडीवर, दगडी आसनावर होई. ओ’काहान घराण्याचा प्रमुख नव्या सरदाराच्या डोक्यावरून जोडा फेकी आणि त्या घटकेपासून तो माणूस नुसता ‘ओ’नील’ होई. नाव, पद, मुलूख, सगळं त्या एका आडनावात. मला हा विधी विलक्षण वाटतो. ज्यानं पुढे या सरदाराची चाकरी करायची, त्याच्याच हातून सरदारकी मिळायची!

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. कान्होजी आंग्रे 4 जुलै 1729 रोजी वारले. मागे वेगवेगळ्या आयांची मुलं. थोरले सेखोजी सरखेल झाले, पण 1733 मध्ये जंजिऱ्याची मोहीम चालू असतानाच गेले. सरखेली त्यांच्या भावाकडे, संभाजीकडे आली. दुसरा भाऊ मानाजी पोर्तुगीजांच्या मदतीनं कुलाबा घेऊन बसला. दोन भाऊ, एक आरमार, एक किताब.

1735 मध्ये बाजीराव पेशव्यांनी तडजोड केली. किल्ल्यांची वाटणी आपण समजू शकतो; इथे मोठेपणाचीच वाटणी झाली. संभाजीकडे सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि ‘सरखेल’ हा किताब राहिला. मानाजीला कुलाबा मिळाला आणि त्यासोबत ‘वजारतमाब’ हा वेगळा किताब. भाऊबंदकी मिटली असं वरकरणी दिसलं, पण कान्होजींनी एका मुठीत धरलेलं आरमार त्या दिवशी दुभंगलं. तडजोड पेशव्यांच्या सोयीची होती, कोकणच्या समुद्राच्या नव्हे, असं माझं ठाम मत आहे. संभाजीनंतर सरखेली तुळाजीकडे गेली. 1756 मध्ये पेशवे आणि इंग्रज मिळून त्याच्यावर चालून गेले, विजयदुर्ग पडला, आंग्र्यांची गलबतं जळाली आणि तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेला. त्याला वाचवायला कुलाब्याचं आरमार धावून आलं नाही.

या सगळ्यात सरखेली रक्तानं मिळत होती की वस्त्रांनी? दोन्ही लागत. रक्तामुळे दावा सांगता येई. साताऱ्याच्या छत्रपतींकडून वस्त्रं आली की तो दावा पदवी बने. आज घरातल्या साऱ्यांना वारस माहीत असला, तरी सोसायटीच्या दप्तरी नाव लागेपर्यंत फ्लॅट त्याच्या नावावर होत नाही, तसंच काहीसं. म्हणून दप्तर कोणाच्या हातात आहे, हे महत्त्वाचं.

इंग्रजांनी ते आयर्लंडमध्ये आधीच ओळखलं होतं. 1542 मध्ये आठव्या हेन्रीनं कॉन ओ’नीलकडून जुनी सरदारकी सोडायला लावली आणि त्याला टायरोनचा अर्ल केलं. अर्लपद मात्र इंग्रजी कायद्यानं, एकाच नेमलेल्या मुलाकडे जायचं. कॉननं मॅथ्यूचं नाव दिलं. त्याचा दुसरा मुलगा शेन ओ’नील खवळला. 1558 मध्ये मॅथ्यू मारला गेला, 1567 मध्ये शेन. 1602 मध्ये लॉर्ड माउंटजॉयनं तुलाहोगचं दगडी आसन फोडून टाकलं. 1608 मध्ये डब्लिनच्या न्यायालयानं वारस निवडण्याची ती जुनी रीतच बेकायदा ठरवली.

आणि कुलाब्यात? 1822 च्या तहानं पेशव्यांची जागा इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीनं घेतली. कुलाब्याच्या गादीवर कोणाला बसवायचं, हा अधिकार तिच्याकडे आला. डिसेंबर 1838 मध्ये दुसरे रघुजी वारले. त्यांच्या पश्चात जन्मलेला मुलगा, दुसरा कान्होजी, काही महिन्यांतच गेला. घराण्यानं दत्तकाची परवानगी मागितली. कंपनीनं नाकारली आणि 1840 मध्ये संस्थान खालसा केलं. दत्तक नाकारून संस्थानं खालसा करण्यासाठी गाजलेला गव्हर्नर जनरल डलहौसी हिंदुस्थानात येण्याच्या आठ वर्षं आधीची ही गोष्ट, सातारा खालसा होण्याच्याही आधीची.

डब्लिनमध्ये निवडलेला वारस चालला नाही, अलिबागमध्ये दत्तक घ्यायचा वारस चालला नाही. दोन्हीकडे वारस ठरवण्याचा घराण्याचा हक्क गेला आणि त्याच्यामागून मुलूख गेला.

पनवेलहून पेण, वडखळमार्गे अलिबाग गाठा. गावात कान्होजींची समाधी आहे. ओहोटीची वेळ साधून किल्ल्यात चालत जाता येतं. आत पहिल्या रघुजी आंग्र्यांनी 1759 मध्ये बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे. मुलांना बरोबर न्या आणि शाळेच्या पुस्तकात कान्होजींपाशी थांबणारी ही कथा त्यांना 1840 पर्यंत सांगा.