तालीम, पेठ आणि फुटबॉल

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी 'मुलांच्या उपयोगाचे काही' लिहून द्यावे, अशी आज्ञा विश्वस्त मंडळींनी आम्हांस केली. आम्ही पेशाने शिक्षक. मुलांच्या उपयोगाचे म्हटले की अभ्यास, परीक्षा आणि शिष्यवृत्ती यांवरच आमची लेखणी चालावी, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु गेले वर्षभर आपल्या सभांतून एकच विषय पुन्हा पुन्हा निघत आहे. ट्रस्टच्या मालकीची जी मोकळी जागा आहे, तीवर दुकानांचे गाळे काढावेत, की ती मुलांस खेळावयास ठेवून तेथे फुटबॉलचा क्लब काढावा? आणि क्लब काढलाच, तर तो केवळ आपल्या समाजाच्या मुलांपुरता असावा, की मोहल्ल्यातील सर्वांचा? या दोन प्रश्नांचा विचार करण्यास मदत व्हावी, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे. समाजाचे क्लब मुळात का निघाले आणि ते कशाच्या बळावर टिकले, हे पाहिले म्हणजे निर्णय करणे सोपे जाईल असे आम्हांस वाटते.

बंद दारांपुढे निघालेले क्लब

जगात जेथे जेथे एखाद्या समाजाने आपला स्वतंत्र क्लब काढला, तेथे बहुधा आधी कोणाचे तरी दार बंद असल्याचे दिसते. वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटाचे उदाहरण घ्या. सी. एल. आर. जेम्स हे तेथील थोर लेखक, आणि स्वतः शिक्षकही. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या 'बियाँड अ बाउंडरी' या ग्रंथात त्यांनी आपल्या तरुणपणीच्या पोर्ट ऑफ स्पेन शहरातील क्लबांचे वर्णन केले आहे. क्वीन्स पार्क हा गोऱ्या धनिकांचा क्लब. मेपल हा उजळ वर्णाच्या मध्यमवर्गीयांचा. शॅनन हा काळ्या वर्णाच्या साध्या नोकरदारांचा, आणि पुढे जगप्रसिद्ध झालेले लिअरी कॉन्स्टन्टाइन याच क्लबाचे. वर्णाने काळे असूनही विद्येमुळे जेम्स यांस मेपलचे दार उघडले, आणि ते आत गेले. या निवडीमुळे आपण आपल्याच लोकांपासून दुरावलो व आपली राजकीय जाण कित्येक वर्षे मागे पडली, असे त्यांनी पुढे मोकळेपणाने कबूल केले. क्लबाची पायरी चढताना मनुष्य केवळ खेळ निवडीत नाही, तर सोबतही निवडतो, हा त्यांच्या कबुलीतील धडा आहे.

आपल्या देशात काय वेगळे होते? पालवणकर बाळू हे मोठे गोलंदाज. १९११ साली भारताचा संघ इंग्लंडला गेला, त्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. परंतु अस्पृश्य मानलेल्या समाजात जन्म झाल्यामुळे पुण्यास त्यांना चहा बाहेर, वेगळ्या भांड्यातून दिला जाई. मुंबईच्या हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांस कधीच मिळाले नाही. ते त्यांचे बंधू विठ्ठल यांस १९२३ साली मिळाले. धर्मावर उभारलेली ती मुंबईची स्पर्धा १९४६ नंतर भरली नाही.

फुटबॉलमध्ये कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंग क्लबाचे नाव आपल्या घराघरांत ऐकू येते. १८९१ साली स्थापन झालेल्या या क्लबाने १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे कलकत्ता लीग जिंकली. ती जिंकणारा हा पहिलाच भारतीय संघ होय. १९४० साली ड्युरंड चषकाच्या अंतिम सामन्यात त्याने गोऱ्या पलटणीचा पराभव केला. आपल्या समाजास त्या काळी या क्लबाचा केवढा अभिमान वाटे, हे वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण ऐकले आहे. परंतु याच क्लबाने पुढे इतर धर्मांच्या खेळाडूंसही आपल्या संघात घेतले, आणि २०२४ साली आय-लीग जिंकली तेव्हा त्याच्या संघात सर्व प्रकारची नावे होती, हेही त्याच अभिमानाने सांगितले पाहिजे.

कोल्हापूरचा दाखला

ही उदाहरणे दूरची झाली. जवळचे, आणि आम्ही स्वतः पाहिलेले उदाहरण कोल्हापूरचे आहे. बी.एड.च्या शिक्षणासाठी आम्ही एक वर्ष तेथे होतो. पहिल्याच आठवड्यात घरमालकांनी सांगितले, "मास्तर, संध्याकाळी तालमीकडे चला." आम्हांस वाटले, कोठे शिकवणीचा वर्ग असावा. आपल्याकडे तालीम म्हणजे शिक्षण, 'इल्म' या शब्दाचे भावंड. जाऊन पाहतो तो आत तांबड्या मातीचा हौदा, भिंतीशी हनुमानाची तसबीर, आणि दहा-बारा पोरे जोर-बैठका काढीत असलेली! शब्द तोच, अरबीतून आलेला, पण तेथे त्याचा अर्थ कुस्तीचा आखाडा. पुढे वर्षभर तेथे राहिल्यावर उमगले की अर्थात फारसे अंतर नव्हतेच.

कोल्हापूरच्या या तालमींस राजर्षी शाहू महाराजांनी मोठा आश्रय दिला. कुस्तीचे खासबाग मैदान त्यांच्याच काळचे, १९१२ सालचे. याच महाराजांनी निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढविली. मराठा विद्यार्थ्यांचे १९०१ साली, मुस्लिम बोर्डिंग १९०६ साली, आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह १९०८ साली. समाजवार वसतिगृहे काढण्याचे कारण उघड आहे. या मुलांस शहरात दुसऱ्या कोणाचे दार उघडे नव्हते. परंतु तालीम ही जातीची नसून पेठेची. पेठेत जो राहतो, तो तालमीचा. २०१८ व २०१९ साली गणेशोत्सव आणि मोहरम एकाच सुमारास आले, तेव्हा तेथील कित्येक तालमींत गणपती आणि पंजे शेजारी शेजारी बसले होते. बाबूजमाल दर्ग्याच्या कमानीवर तर गणपती कोरलेलाच आहे.

या तालमींतूनच कोल्हापूरचा फुटबॉल उभा राहिला. संस्थानी काळात राजाराम महाराजांच्या वेळी या खेळास राजाश्रय मिळाला, आणि १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. आजही तेथील संघांची नावे ऐकली की हौद्यातल्या तांबड्या मातीचा वास येतो. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ असे इतरही अनेक. कुस्तीच्या नगरीत फुटबॉल कसा रुजला, याचे अनेकांस आश्चर्य वाटते. आम्हांस वाटत नाही. हौदा तयार होता, वस्ताद होता, पहाटे उठण्याची सवय होती आणि पाठीशी पेठ होती. केवळ एक चेंडू बाहेरून आला.

शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर आम्ही पहिला सामना पाहिला, तो प्रसंग विसरणे शक्य नाही. शेजारी एक वृद्ध गृहस्थ शेंगा सोलीत बसले होते. त्यांनी आमच्या दाढीकडे पाहिले, हातावर चार शेंगा ठेवल्या आणि विचारले, "कुठल्या पेठेचे?" नाव नाही, जात नाही. पेठ! आम्ही म्हटले, "बुऱ्हाणपूरचे." क्षणभर विचार करून ते म्हणाले, "मग आजच्या दिवस आमच्या पेठेचे व्हा." आम्ही झालो. त्या दिवशी आमची पेठ हरली, आणि आम्हांस खरोखरच वाईट वाटले.

हे क्लब टिकतात कशावर?

पहिली गोष्ट वर्गणी. धनिकांच्या देणग्या येतात तशा आटतात, परंतु दुकानदार, रिक्षावाला, गवंडी यांनी दिलेल्या लहान लहान रकमांमुळे क्लब सर्वांचा राहतो. जो वर्गणी देतो, तो हिशेब विचारतो. आणि जेथे हिशेब विचारला जातो, तेथे कारभार बरा राहतो. दुसरी गोष्ट वडिलकी. ज्या पोरास घरी कोणी आवरू शकत नाही, तो वस्तादापुढे मान खाली घालतो. तिसरी गोष्ट अशी की खेळाडू गल्लीतलाच असतो. अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा मुलगा २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. असे मुलगे थोडे. परंतु जो तेथवर पोहोचत नाही, त्या शेकडो मुलांची संध्याकाळ चांगल्या सोबतीत जाते, हा लाभ आम्ही मोठा मानतो.

मात्र एकच बाजू सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पेठेचा अभिमान मर्यादेबाहेर गेला की त्याचे वैर होते. प्रेक्षकांत हाणामारी होऊन सामने थांबवावे लागण्याचे प्रसंग कोल्हापुरातही घडले आहेत. तेव्हा हरावयास शिकविणे हे क्लबाचे काम जिंकावयास शिकविण्याइतकेच महत्त्वाचे आहे. किंबहुना तेच अधिक कठीण.

आता आपल्याविषयी

गाळ्यांच्या बाजूने जे सांगितले जाते, ते खोटे नाही. गाळ्यांचे भाडे येईल आणि त्यातून शिष्यवृत्त्या देता येतील. ज्यांच्या घरी यंत्रमागावर पोट आहे, त्यांस पैशाची किंमत आम्ही सांगावयास नको. परंतु शिष्यवृत्ती मिळालेला मुलगा संध्याकाळी कोठे जातो, हेही ट्रस्टने पाहिले पाहिजे. आमच्या वर्गातील हुशार मुले दहावीच्या आसपास कशी निसटतात, ते आम्ही वीस वर्षे पाहत आहो. त्यांतील बहुतेक अभ्यास कठीण म्हणून निसटत नाहीत. त्यांची चौकशी करणारे कोणी उरत नाही, म्हणून निसटतात. गाळे इतरत्र भाड्याने घेता येतात, मैदान एकदा गेले की परत मिळत नाही.

खर्चाची धास्ती घेऊ नये. पूर्ण मापाचे मैदान लांबीस ९० ते १२० मीटर लागते, तेवढी जागा आपल्याकडे नाही. परंतु सात-सात मुलांच्या खेळास सुमारे ५५ मीटर लांब व ३७ मीटर रुंद जागा पुरते, आणि तेवढी आपली आहे. माती सपाट करणे, दोन गोलपोस्ट, काही चेंडू आणि रोज वेळेवर येणारा एक वडीलधारा मनुष्य, एवढ्यावर आरंभ होतो. यांतील शेवटची वस्तू मिळविणे सर्वांत अवघड. म्हणून ती आधी शोधावी. आठवड्यातून निदान दोन दिवस मैदान मुलींसाठी राखावे, आणि हा नियम पहिल्या दिवसापासून असावा, कारण मागाहून तो करणे जमत नाही.

राहिला दुसरा प्रश्न, दार कोणासाठी? आपल्याच जामा मशिदीत उत्तर लिहिलेले आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फारुकी सुलतान आदिलशहाने ती बांधविली, तेव्हा अरबीबरोबर संस्कृतातही शिलालेख कोरविला. ती वास्तू नमाजाची, यात संशय नव्हता. तरीही शेजाऱ्याच्या विद्येस तिच्या भिंतीत मानाची जागा मिळाली. आपल्या क्लबावर ट्रस्टचे नाव अवश्य असावे. त्याच्या वहीत मात्र मोहल्ल्यातील प्रत्येक मुलाचे नाव लिहिता यावे. ज्यांस कधी काळी दारे बंद झाली, त्यांनी स्वतःच्या दारास कडी लावू नये.

पुढील सभेत हा विषय पुन्हा निघेल. मत देण्यापूर्वी सभासदांनी एखाद्या संध्याकाळी त्या जागेकडे एक फेरी मारावी, एवढीच विनंती. दगडांचे गोलपोस्ट मांडून मुले तेथे आताच खेळत आहेत. त्यांत आपली किती आणि शेजारची किती, हे आम्ही मोजण्याचा प्रयत्न केला; पण धुळीत ती ओळखू आली नाहीत.